दूधसागराच्या पायथ्याशी

"जायचंच असेल तर जीपने जाऊ. पायी चालायचं वय राहिलंय का तुझं?" मुलाने आईला तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा सुनेने स्वयंपाकघरातूनच उत्तर दिले, "अहो, आईंनी तुम्हाला वय विचारलेलं नाही, सुट्टी विचारली आहे."

सांगलीच्या त्या घरात २०२४ च्या गणपतीपासून हा एकच विषय चालू होता. सहासष्ट वर्षांच्या आजींना दूधसागर धबधबा पाहायचा होता. तसा तो त्यांनी अनेकदा पाहिला होता, पण वरून, गाडीच्या खिडकीतून. त्यांना तो खालून पाहायचा होता, पायथ्याशी उभे राहून.

त्यामागे कारण होते. १९७६ मध्ये लग्न होऊन त्या कॅसलरॉकला आल्या. आजोबा रेल्वेत गँगमन. कॅसलरॉक कर्नाटकात, घाटाच्या माथ्यावर. तिथून रूळ गोव्यातल्या कुळे गावापर्यंत उतरत जातात. तेव्हा ही लाइन मीटर गेजची होती. चढ इतका कडक की सदतीस फूट गेले की गाडी एक फूट वर चढते, त्यामुळे गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती, म्हणून गँगमन रात्रभर रुळांवर गस्त घालत. खांद्यावर हत्यारे, हातात लाल-हिरव्या काचेची बत्ती, कमरेला गाडी थांबवायचे फटाके. आजोबा पहाटे ओलेचिंब होऊन घरी येत आणि जोडे काढता काढता म्हणत, "आज दूध उतू गेलंय." म्हणजे दूधसागर भरून वाहतो आहे.

"एकदा तुला खालून दाखवतो," असेही ते म्हणत. पण दोन वर्षांतच त्यांची मिरजेला बदली झाली. मग मुले, त्यांच्या शाळा, दोन खोल्यांचे घर. ते दाखवणे राहूनच गेले. २०१९ मध्ये आजोबा गेले.

हे सारे सुनेला माहीत होते. मुलालाही माहीत होते, पण त्याला आईच्या गुडघ्यांचीही माहिती होती. शेवटी तडजोड झाली. दिवाळीच्या आधी चार दिवस जायचे, कुळ्याला तंबूत राहायचे, जाताना जंगलातून पायी आणि येताना जीपने. चौदा वर्षांच्या नातीला तंबूचे आकर्षण, त्यामुळे तिचे मत आधीच आजीच्या बाजूने पडलेले. आजी महिनाभर रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येऊ लागल्या. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला मात्र त्यांनी सुरुवातीला साफ नकार दिला. "रुळांवरून पाण्याची घागर आणली आहे मी साडीवर," त्या म्हणाल्या. सुनेने नातीच्या मापाचे रबरी तळव्याचे बूट आणि स्वतःचा एक सलवार-कमीज गुपचूप बॅगेत टाकला.

मिरजेहून त्यांनी रात्रीची गाडी पकडली. कॅसलरॉक मागे पडल्यावर आजी उठून खिडकीशी बसल्या. बाहेर काही दिसत नव्हते. बोगदा आला की आवाज घुमायचा आणि संपला की पानांचा ओला वास यायचा. मग एका वळणावर चाकांचा आवाज बुडून गेला आणि चेहऱ्यावर गार तुषार आले. "आला," आजी म्हणाल्या. नात जागी होईपर्यंत पूल मागे गेला होता.

दूधसागर चार टप्प्यांत कोसळतो. त्याची उंची ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून थोडी अधिक. हा सगळा भाग भगवान महावीर अभयारण्यात येतो. कुळ्याहून पायथ्यापर्यंतची वाट दहा-बारा किलोमीटरची आहे आणि ती वाटेत तीनदा पाणी ओलांडते. पावसाळा संपला की या वाटेवर जीपगाड्या सुरू होतात. ज्यांना चालायचे आहे त्यांनी वनखात्याच्या नाक्यावर आधी चौकशी करावी, कारण परवानगीचे नियम हंगामाप्रमाणे बदलतात. स्थानिक वाटाड्या मात्र घ्यावाच. तंबूही अभयारण्यात ठोकता येत नाही. या कुटुंबाचे तंबू गावाच्या कडेला एका कुळागरात होते, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत. रात्री नातीच्या तंबूवर सुपारी पडली की ती "आजी!" म्हणून ओरडे.

"रुळांवरूनच का नाही जायचं? सगळे व्हिडिओ तर तसेच आहेत," नातीने पहिल्याच संध्याकाळी विचारले. खरे तर तिच्या वडिलांच्याही मनात तेच होते. कॉलेजात असताना मित्रांबरोबर ते तसेच गेले होते. पण आता रुळांवरून चालत जाणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा धरला जातो. जुलै २०२३ मध्ये तर या वाटेने निघालेल्या पर्यटकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या आणि ती दृश्ये देशभर पाहिली गेली. आजींनी कायद्याचा उल्लेखही केला नाही. त्या म्हणाल्या, "तिथे धबधब्याच्या आवाजात इंजिनाची शिट्टी ऐकू येत नाही. तुझे आजोबा जन्मभर रुळांवर चालले, पण त्या वळणावर दर दहा पावलांनी मागे वळून बघायचे." त्यावर रुळांचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळे निघाले. वाटाड्या गावातलाच, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने सर्वांच्या पायांना गुडघ्यापर्यंत मीठ-हळद चोळायला लावली, जळवांसाठी. आजी शेवटी सलवार-कमीजमध्येच होत्या. त्याबद्दल कोणी काही बोलायचे नाही, असे सुनेने सर्वांना आधीच बजावले होते.

जंगल दाट होते, पण अंगावर येणारे नव्हते. ऐनाचे बुंधे मगरीच्या पाठीसारखे खवल्याखवल्यांचे. याच ऐनाला गोव्यात माटी म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यवृक्ष आहे. उंच फांद्यांवरून एक शेकरू पळत गेले. एकदा डोक्यावरून धनेश पक्ष्यांची जोडी गेली. त्यांच्या पंखांचा आवाज एवढा मोठा की नातीला वाटले, वारा सुटला. आजी सावकाश चालत होत्या, पण थांबत नव्हत्या. मुलगाच दर अर्ध्या तासाने "बसूया का?" म्हणत होता.

वाटेत वाटाड्याने दूधसागराची कथा सांगितली. एक राजकन्या तळ्यात स्नान करून सोन्याच्या घागरीतले दूध पीत असे. एकदा एक परका राजपुत्र तिच्याकडे पाहू लागला, तेव्हा लाजेने तिने ते दूध पुढे ओतून त्याचा पडदा केला. आजींनी कथा पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "इतकं दूध सांडलं, आणि घरात विचारणारं कोणी नव्हतं?"

पहिले पाणी गुडघ्याएवढे होते. वाटाड्याने एकेकाला हात धरून पलीकडे नेले. दुसऱ्या ठिकाणी पात्र रुंद होते आणि तळाशी शेवाळलेले गोटे. वाटाड्याने आधी नातीला नेले, मागोमाग मुलगा गेला. मग वाटाड्या बायकांना न्यायला परत आला. त्याने आजींचा हात धरला, आजींनी एक पाय पाण्यात घातला आणि तो तसाच मागे घेतला.

"पाणी बघा," त्या म्हणाल्या.

क्षणापूर्वी तळ दिसत होता. आता पाणी चहासारखे झाले होते. वाळकी पाने आणि काटक्या वाहत येत होत्या. डोक्यावर ऊन होते, पण वर घाटाकडे आभाळ काळे पडले होते. वाटाड्याने एकदाच वर पाहिले आणि त्यांचा दंड धरून दोघींना काठाच्या वर नेले. "रावात. उदक वाडटा," तो म्हणाला. थांबा, पाणी वाढते आहे.

आणि ते वाढलेच. पाहता पाहता पाऊल ठेवायचे गोटे दिसेनासे झाले. पलीकडच्या काठावर बापलेक, अलीकडे सासूसून. मध्ये वीस-पंचवीस पावलांचे पाणी, पण त्याचा आवाज असा की ओरडलेले ऐकू जाईना. मुलाने नातीला एका झाडाशी उभे केले, विजार गुडघ्यांवर दुमडली आणि तो परत यायला पाण्याकडे निघाला. आई आणि बायको पलीकडे, त्यामुळे त्याला दुसरे काही सुचत नसावे. सून जिवाच्या आकांताने "अहो, येऊ नका!" ओरडत होती. तो हाताने खूण करत होता की आलोच.

तेव्हा आजी पुढे झाल्या, काठावरच्या एका मोठ्या खडकावर चढल्या आणि त्यांनी दोन्ही हात सरळ डोक्यावर उभे केले. हलवले नाहीत, ओरडल्या नाहीत.

गँगमनजवळ लाल झेंडी नसेल तर तो असेच दोन्ही हात वर करून गाडी थांबवतो. मुलाने लहानपणी मिरजेच्या यार्डात वडिलांना तसे उभे राहिलेले पाहिले होते. पाण्यात घातलेला पाय त्याने मागे घेतला. आजींनी हात खाली केले नाहीत. तो चार पावले मागे सरला, मग नातीपाशी जाऊन आणखी वर, मुळांच्या ओट्यावर बसला. तेव्हा कुठे आजी खाली उतरल्या. उतरताना त्यांचे गुडघे इतके कापत होते की सुनेला त्यांना धरावे लागले.

या पाण्याचा विश्वास कधीच धरू नये, विशेषतः ऑक्टोबरात. आपल्या डोक्यावर पाऊस नसतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पाऊस वर घाटात पडलेला असतो आणि त्याचे पाणी नंतर खाली येते. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी याच दूधसागराजवळ जोरदार पावसाने पाणी वाढून चाळीसहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना जीवरक्षकांनी बाहेर काढले. गढूळ झालेला रंग, वाहत येणारा पालापाचोळा, बदललेला आवाज, यातले एक जरी लक्षात आले तरी मागे फिरावे. पलीकडे कोणी असेल तर त्याने पलीकडेच उंचावर थांबावे.

अडीच तास दोन्ही काठ एकमेकांकडे पाहत बसले. दोन जीपगाड्याही येऊन थांबल्या. सुनेने दशम्या काढल्या, पण खाल्ल्या कोणीच नाहीत, कारण चटणीचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या मुलाच्या पाठीवर होत्या आणि नात पलीकडे उपाशी होती. पाणी आले तसेच उतरले. पलीकडून आलेल्या जीपमध्ये बसून बापलेक परत आले. मुलगा आईसमोर उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, "चल, परत जाऊ." आजी काही बोलल्या नाहीत. धबधबा अजून तासा-दोन तासांवर होता.

त्या रात्री तंबूत सुनेने त्यांच्या गुडघ्यांना तेल लावले. "आई, वाईट वाटलं का?" तिने विचारले. "पाण्याचं कसलं वाईट वाटायचं," आजी म्हणाल्या. पण त्या बराच वेळ जाग्या होत्या. घाटात मालगाडी चढत होती आणि मागच्या इंजिनांचा आवाज रात्रभर येत होता.

पुढचा दिवसभर वाट बंद राहिली. परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे होते. दुपारी मुलगा कुळागराच्या कडेला, जिथे मोबाइलला रेंज मिळे तिथे, जाऊन आला आणि म्हणाला, "मी दोन दिवस रजा वाढवली आहे." सुनेने त्याच्याकडे पाहिले. "बघतेस काय, तुझ्याही शाळेला कळवून टाक," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वाट उघडली आणि या वेळी कोणताही वाद न होता सगळे जीपमध्ये बसले. जीप फक्त जंगलातल्या थांब्यापर्यंत जाते. पुढची वाट दगडधोंड्यांतून पायीच चालावी लागते. तिथली माकडे फार धीट आहेत. त्यांनी सुनेच्या हातातली केळी पिशवीसकट नेली. शेवटचा तुकडा सगळ्यांत अवघड होता, घरात ओट्याएवढे असतात तेवढे उंच गुळगुळीत खडक. मुलगा पुढे राहून हात देत होता, नात मागून आधार देत होती. आजी काही ठिकाणी चक्क बसून, घसरत उतरल्या. सलवार-कमीजचा उपयोग झाला.

आणि मग झाडी संपली. सर्वांत वर आभाळातून पांढरे पाणी सुटलेले, मध्यावर कमानींचा रेल्वेपूल, त्याच्या खालून तेच पाणी पुन्हा फुटून डोहात येणारे. बोलायचे तर कानाशी जावे लागत होते. डोहावर दोर बांधलेला होता. सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट होते. आजींच्या अंगात ते फार ढगळ झाले होते. त्या एका खडकावर बसल्या, बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले.

थोड्या वेळाने पुलावर मालगाडी आली. डोहाकाठची सगळी माणसे हात हलवू लागली, ओरडू लागली. आजींनी हात हलवला नाही. इंजिन गेले, डबे गेले, मागची इंजिने गेली, तोवर त्या वर बघत होत्या. मग पुलाच्या एका टोकाकडे बोट दाखवून त्यांनी नातीला जवळ ओढले आणि तिच्या कानात म्हणाल्या, "तिथे उभे राहायचे तुझे आजोबा. गाडी जाईपर्यंत."

नात वर पाहू लागली. पूल रिकामा होता.

"वरून खालची माणसं दिसतात का गं?" आजींनी विचारले. "मला कधी दिसली नव्हती."

"बघते, जाताना दिवसाची गाडी घेऊ," नात म्हणाली.

"घेऊ," मुलगा म्हणाला. त्याला ते ऐकू आले होते. वाटाड्या शिट्टी वाजवत होता, जीपची वेळ झाली होती. आजींनी बूट घालायला घेतले, मग ते तसेच बाजूला ठेवले आणि आणखी पाच मिनिटे मागितली.