मानेभंज्यांगच्या म्हाताऱ्या गाड्या

दार्जिलिंगपासून सुमारे २६ किलोमीटरवर, नेपाळच्या सीमेला अगदी खेटून मानेभंज्यांग हे छोटेसे गाव आहे. नेपाळी भाषेत भंज्यांग म्हणजे खिंड. सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून संदकफूला जाणारी वाट येथूनच वर चढते. संदकफूची उंची ३,६३६ मीटर. पश्चिम बंगालमधले हे सर्वांत उंच ठिकाण. आकाश स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट, कांचनगंगा, ल्होत्से आणि मकालू ही चारही शिखरे तेथून दिसतात.

पण गावात पाऊल ठेवताच पर्यटकाची नजर खिळते ती रांगेने उभ्या असलेल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांवर. ही गाडी इंग्लंडमध्ये १९४८ साली तयार होऊ लागली. महायुद्धानंतर तिकडे पोलादाची टंचाई होती, म्हणून तिच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा चढला. ब्रिटिश मळेवाल्यांनी चहाच्या मळ्यांसाठी आणलेल्या या गाड्या पुढे गावकऱ्यांच्या हाती आल्या. अनेक गाड्यांच्या पोटात आता देशी डिझेल इंजिन धडधडते. बाकी हाडे मात्र जुनीच!

मानेभंज्यांग ते संदकफू हे अंतर जेमतेम ३१ किलोमीटर, पण चढ सुमारे दीड हजार मीटरचा. काही टप्प्यांवर अलीकडे काँक्रीट झाले आहे. त्यापूर्वी सगळी वाट सुट्या दगडधोंड्यांची होती. अशा वाटेवर गाडीचे सर्वाधिक हाल होतात ते मागच्या आसात, डिफरन्शियलमध्ये.

मळणीच्या वेळी तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांपैकी बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते, तसेच वळणावर बाहेरच्या चाकालाही. दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल. दगडावर एखादे चाक अधांतरी झाले की ते गरगर फिरते आणि पुन्हा जमिनीला टेकताच एकदम अडते. तो हिसका आसाच्या शाफ्टला आणि चक्रांच्या दातांना बसतो. मागचा शाफ्ट तुटला तरी पुढच्या चाकांना जोर देऊन गाव गाठता येते, हे या गाडीचे मोठेपण. खरे काम त्यानंतरचे.

गाडीखाली आडवे होऊन आधी तेल काढायचे. दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर ओढायचे. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट सोडवायचा. मग गोलाकार बसवलेले दहा नट काढले की क्राऊन व्हील आणि पिनियनसकट सगळा गोळा हाउसिंगमधून अलगद बाहेर यावा, अशी रचना आहे. प्रत्यक्षात तो जागचा हलत नाही. जुने पॅकिंग चिकटून बसलेले असते, स्टड गंजलेले असतात, वर वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेलाचा लगदा.

“दाजू, छिन्नी लावू का फटीत?” हाताखालचा पोरगा विचारतो. इकडे थोरल्याला दाजू म्हणतात.

“छिन्नी राहू दे, भाई. आधी शाफ्ट बघ, पुरता निघालाय का?”

पोरगा पाहतो तर एका बाजूचा शाफ्ट बोटभर आतच. हिसक्याने त्याच्या खाचा पिळवटलेल्या असल्या की तो सहजी सुटत नाही. तो आत असेपर्यंत गोळ्यावर कितीही घाव घाला, व्यर्थ आहे. कित्येक हातोडे नेमके याच चुकीपायी झिजत असावेत! छिन्नीला नकार देण्यामागेही कारण आहे. जोडाच्या सपाट कडेवर एक ओरखडा उठला तरी तेथून तेल ठिबकत राहते. कड फुटली तर दुसरे हाउसिंग दुकानात मिळत नाही, ते मोडीत निघालेल्या जुन्या गाडीतून शोधावे लागते. पर्यटनाचे दिवस मोजके असतात आणि गाडी उभी राहिली की घराची कमाई थांबते.

म्हणून वरचे दोन नट पुरते न काढता टोकावर ठेवले जातात, गोळा अचानक सुटून छातीवर येऊ नये यासाठी. कडेभोवती लाकडाचा ठोकळा धरून हलके हलके ठोके दिले जातात. मग पिनियनच्या पुढे आलेल्या नाकाखाली जॅक लावून तो बेताने वर उचलायचा. नाक वर गेले की खालचा जोड उकलू लागतो. जरा थांबायचे, पुन्हा ठोके, पुन्हा अर्धा फेरा. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. शेवटी चिकटपट्टी सोलावी तसा बारीकसा आवाज होतो आणि उरलेले काळे तेल धार धरते. पोरगा हसून थाळी सरकवतो.

या गाडीचे पुढचे आणि मागचे डिफरन्शियल सारखेच असते, हे वरदानच. मोडीतल्या गाडीचे पुढचे मिळाले तरी ते मागे बसते. चक्रांची जुळणी गोळ्यातच पक्की केलेली असल्याने पुन्हा सगळे मोजत बसावे लागत नाही. दोन्ही कडा घासून पुसून, नवे कागदी पॅकिंग लावून तो जागेवर चढवला जातो. नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे.

पहाटे थंडीत कुडकुडणारी मंडळी चहा संपवून गाडीत चढतात. निघण्यापूर्वी चालक एकदा मागे जाऊन वाकतो, आसाखालची जमीन हाताने चाचपतो. कोरडी आहे. मग तो पुढे येऊन पहिला गिअर टाकतो.