वाईहून भिलारपर्यंत

वाई सोडून एस. टी. पसरणीच्या घाटास लागली कीं, खिडकीशीं बसलेल्याची मान आपोआप मागें वळते. खालीं कृष्णेचा वळसा आणि तिच्या कांठच्या देवळांचीं शिखरें प्रत्येक वळणागणिक लहान होत जातात. हा घाट मी आयुष्यांत शेंकडों वेळां चढलों असेन. कधीं पाहुण्यांना पांचगणीची हवा दाखविण्याकरितां, कधीं क्षेत्र महाबळेश्वरीं दर्शनास. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आमची अक्का व मी निघालों तें एका पुस्तकाच्या शेवटच्या चार पानांकरितां. पासष्टीचा भाऊ आणि त्याहून आठ वर्षांनीं वडील बहीण एवढ्यासाठीं थंडींत घाट चढतात, हें ऐकून सूनबाई हसल्या. वाचकहि हसतील, म्हणून आधीं थोडी मागची हकीकत सांगतों.

आमच्या वाड्याच्या माजघरांत पुस्तकांची एक सागवानी पेटी होती. तळाशीं आजोबांनीं जपलेले ‘बालबोध’चे बांधीव खंड. विनायक कोंडदेव ओकांनीं १८८१ सालीं सुरू केलेलें हें मासिक. आमच्या वेळीं त्याचा कागद इतका जीर्ण झाला होता कीं, पान उलटतांना कोपरा हातांत येई. त्यावर ‘श्यामची आई’, ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा ‘फास्टर फेणे’, ‘चांदोबा’चे अंक, आणि १९७१ पासून ‘किशोर’. पेटी कोणा एकाची नव्हती. सख्खीं-चुलत मिळून आम्ही अकरा मुलें. पुस्तकावर नांव घालण्यास आजोबांची मनाई होती.

दुपारीं अक्का मोठ्यानें वाची व आम्ही भोंवतीं बसून ऐकत असूं. त्यांत एक कादंबरी होती. तिचें नांव मुद्दाम देत नाहीं. ज्यांनीं ती वाचली नाहीं त्यांचा रसभंग नको. तिचीं शेवटचीं चार पानें फाटून गेलीं होतीं. तेथें येतांच अक्का पुस्तक मिटी आणि पुढचें तोंडानें सांगे. दुरावलेलीं सारीं माणसें एका दारीं परत येत, आणि सर्वांचीं पानें एका पंक्तीस मांडलीं जात. पुष्कळ वर्षें मला तोच खरा शेवट वाटे.

१९८९ सालीं वाड्याची वांटणी झाली. घंगाळें मोजलीं, पाट मोजले, तपेलीं वजनानें वांटलीं. पेटी निघाली तेव्हां चारी वांटेकरी गप्प. पुस्तकांचे चार भाग करावे कसे? कोणाच्याच नव्या बिऱ्हाडांत जागा नव्हती, माझ्याहि नव्हती. अखेर वर्गांत रोज ‘पुस्तकें जपा’ म्हणणाऱ्या मास्तरानेंच तीं रद्दीच्या कांट्यावर घातलीं. अठरा किलो भरलीं. अक्का सासरीं होती. तिला मीं विचारलें नाहीं. पुढें ती माहेरपणास आली, तेव्हां तिनें पेटीची मोकळी जागा पाहिली आणि कांहींच बोलली नाहीं.

सेवानिवृत्त झाल्यावर मीं त्या पुस्तकांची यादी केली. पुण्यास अप्पा बळवंत चौकांत खेपा घातल्या, रद्दीवाल्यांकडे बसून ढीग उपसले. कांहीं शोध सोपे गेले. ‘श्यामची आई’ १९३५ पासून आजतागायत छापली जात आहे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनें संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत, ते नातवानें दाखविले. ‘चांदोबा’ आतां निघत नाहीं. त्याचे सुटे अंक मिळतील त्या किंमतीस घेतले. सहा वर्षांत एकतीस पुस्तकें जमलीं. तीं काचेच्या कपाटांत लावून मीं कुलूप घातलें. राहिली ती चार पानांची कादंबरी. दृष्टि अधू झाल्यापासून अक्का आमच्याकडेच असते. तीच एके दिवशीं म्हणाली, “भिलारला पाहूं या का?”

भिलार हें पांचगणी व महाबळेश्वर यांच्या दरम्यान, हमरस्त्यापासून थोडें आंत, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमध्यें वसलेलें गांव. ४ मे २०१७ रोजीं ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून त्याचा आरंभ झाला. वेल्समधील हे-ऑन-वाय या गांवावरून ही कल्पना सुचली. परंतु तेथें जुन्या पुस्तकांचा व्यापार चालतो, भिलारांत विक्री नाहीं. गांवकऱ्यांनीं आपल्या घरांतील खोल्या व ओसऱ्या दिल्या. प्रारंभीं अशीं २५ ठिकाणें होतीं. एका घरीं इतिहास, दुसऱ्या घरीं कविता, तिसऱ्या घरीं बालसाहित्य. येणाऱ्यानें पुस्तक घ्यावें, बसून वाचावें आणि जागेवर ठेवून जावें.

कादंबऱ्यांच्या घरीं आमची कादंबरी मिळाली, पानें शाबूत! घरधनीणबाईंनीं अक्काला खुर्ची दिली. मी वाचूं लागलों, तशी घरांतील एक लहान मुलगी दाराशीं येऊन उभी राहिली. मूळ शेवटांत माणसें एकत्र येतच नाहींत; ज्याची त्याची वाट निराळी होते. मीं पुस्तक मिटलें.

“बाळ, माझाच शेवट बरा होता,” अक्का म्हणाली. मग बऱ्याच वेळानें, “पुस्तकें गेलीं त्याचें नव्हे रे, मला विचारलें नाहींस, त्याचें वाईट वाटलें.”

छत्तीस वर्षांनीं तें वाक्य आलें. मजपाशीं उत्तर नव्हतें. एवढ्यांत ती मुलगी म्हणाली, “आजी, तुमचा शेवट सांगा ना.” आणि अक्कानें तो सांगितला, पंक्तीसकट.

घाट उतरतांना मला माझें काचेचें कपाट आठवत होतें. परक्यांसाठीं आपल्या खोल्या उघडणारें गांव मागें राहिलें होतें, आणि मीं मात्र सर्वांची पेटी एकट्याच्या कुलपांत जमविली होती.

घरीं आल्यावर पुस्तकें ओसरीवर आणून ठेवलीं. शनिवारीं दुपारीं आळींतील मुलें जमतात. मी वाचतों, अक्का ऐकते. गेल्या शनिवारीं ओढाताणींत ‘गोट्या’चें एक पान फाटलें. मी रागावणार, तों अक्का म्हणाली, “असूं दे. तेवढें मी तोंडानें सांगेन.”