बघणाऱ्यांचा तास

आठवी-नववीच्या मुलांना इंटरनेटवर जपून कसं राहायचं हे शिकवण्याचं काम आमच्या शाळेत माझ्याकडे आलं ते करोनाच्या काळात. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास मोबाइलवर आला आणि 'मुलांच्या हातात फोन नाही' असा नियम असलेल्या घरांतही तो द्यावा लागला. मी मराठीची शिक्षिका, पण वर्गशिक्षिका असल्यामुळे पालकांचे फोन मलाच यायचे. एनसीईआरटी आणि युनेस्कोने त्या मे महिन्यात काढलेली पुस्तिका वाचली, जाणत्यांना विचारलं आणि एक तास तयार केला. पुढे शाळा उघडल्यावरही तो चालू ठेवला. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही सांगू नका, प्रोफाइल प्रायव्हेट ठेवा, अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घेऊ नका, स्वतःचे फोटो टाकू नका, कुणी त्रास दिला तर ब्लॉक करा. प्रत्येकाने आपापल्या दाराला नीट कुलूप लावलं की वर्ग सुरक्षित, असं मी मानत होते आणि ते मनापासून सांगत होते.

आता मी तसं मानत नाही. हा बदल पुस्तक वाचून झाला नाही. तो आमच्याच नववीच्या वर्गातल्या एका मुलामुळे झाला.

स्नेहसंमेलनात या मुलाने गवळण केली. नऊवारी, डोक्यावर मडकी, नाकात नथ, आणि चालण्यात असा डौल की मागच्या रांगेतल्या आज्या उठून उभ्या राहिल्या. महाराष्ट्राच्या रंगभूमीला पुरुषाने लुगडं नेसणं नवं नाही. बालगंधर्वांचं नाव अजून आपण अभिमानाने घेतो. टाळ्या खूप झाल्या. कार्यक्रमाचे फोटो शाळेनेच काढले आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले.

मुलांचा वेगळा ग्रुप असतो, ज्यात शिक्षक नसतात. तिथे रात्री त्या फोटोचं स्टिकर झालं. ते करायला काही यावं लागत नाही. फोटोवर बोट दाबून धरलं की मागचा पडदा गळून पडतो आणि माणूस तेवढा कापून निघतो. खाली अक्षरं टाकली, 'बायल्या आला रे'. मग कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर म्हणून तेच. उद्या पीटी आहे का? स्टिकर. इतिहासाची वही कुणाकडे आहे? स्टिकर. कुणी 'जेवलात का' म्हटलं, तरी स्टिकर. दुसऱ्या तुकडीत गेलं, क्लासच्या ग्रुपवर गेलं. एकाने टाकलेलं दुसऱ्याने आपल्या फोनमध्ये साठवून घेतलं, त्यामुळे पहिल्याने काढून टाकलं तरी उपयोग नव्हता. मुलगा शाळेत यायचा थांबला. त्याच्या आईचा फोन आला, "बाई, रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणतो."

खरा प्रकार कळला तेव्हा मी माझ्या तासाची वही काढून बसले. त्यातला एकही नियम या मुलाने मोडला नव्हता. पासवर्ड फुटला नव्हता, अनोळखी माणूस कुणी नव्हता, खोटं खातं नव्हतं. फोटो त्याने टाकलाच नव्हता, आम्ही टाकला होता. मी डोळ्यांसमोर कायम मुलगी धरत होते आणि तिच्यामागे लागलेला परका पुरुष. इथे मुलगा होता, आणि त्याच्या बाकावर डबा वाटून खाणारी मुलं होती. ब्लॉक करायचं तर कुणाला? सगळ्या वर्गाला? ग्रुप सोडला तर गृहपाठ कळत नाही, सहलीला कधी निघायचं ते कळत नाही, आणि 'घाबरून गेला' हे नवं निमित्त मिळतं. ग्रामीण भागातल्या मुलांबद्दलच्या २०२४ च्या 'असर' अहवालात चौदा ते सोळा वयाच्या, समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येतं, असं आहे. पूर्वी हा आकडा शंभरवर न्यायचा एवढंच मला सुचलं असतं. आमच्या या मुलाला ब्लॉक करता येत होतं.

मी वर्गातल्या मुलांना एकेकटं बोलावून विचारलं. रागावले नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. स्टिकर करणारे दोघे होते, ते लगेच कळलं. मला धक्का बसला तो बाकीच्यांच्या उत्तरांनी. "मी काही केलं नाही बाई, फक्त हसायचा इमोजी टाकला." "मी एकदाच पुढे पाठवलं." "मला आवडलं नव्हतं, पण बोललो असतो तर माझं स्टिकर झालं असतं." ही वाईट मुलं नाहीत. यातल्याच एकाने आजारी मित्राच्या सगळ्या वह्या उतरवून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

शाळेतल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास पहिल्यांदा नॉर्वे-स्वीडनमध्ये डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या दशकात सुरू केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: जाणूनबुजून दिलेला त्रास, तो पुन्हा पुन्हा होणं, आणि ज्याला त्रास होतो त्याचं बळ कमी पडणं. ही व्याख्या मला माहीत होती, मुलांना सांगतही होते. पण स्टिकरच्या प्रकरणानंतर मधल्या खुणेपाशी मी थांबले. मैदानावर एक दांडगट मुलगा दुसऱ्याला रोज ढकलतो, तेव्हा पुन्हा पुन्हा ढकलणारा तो एकटाच असतो. ग्रुपवर तसं नाही. त्या दोघांनी स्टिकर केलं एकदाच. शंभरदा ते त्या मुलापर्यंत पोचलं ते बाकीच्यांच्या बोटांनी. चेष्टेचा छळ झाला तो 'मी काही केलं नाही' म्हणणाऱ्यांमुळे, आणि माझ्या तासात या मुलांसाठी एकही वाक्य नव्हतं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्येच सहकाऱ्यांबरोबर हे मांडून ठेवलं होतं. छळणारा आणि सोसणारा एवढे दोघेच नसतात. हाताशी येणारे असतात, हसून चेव आणणारे असतात, बाजूला राहणारे असतात आणि सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारेही असतात. पुढे त्यांच्या गटाने 'किवा' नावाचा शालेय कार्यक्रम बांधला, फिनलंडच्या शाळांत त्याची मोठी चाचणी झाली आणि छळ कमी झाल्याचं दिसलं. त्याचा रोख मुख्यतः बघणाऱ्यांवर आहे. दांडगाई करणाऱ्याला त्यातून मान मिळतो तो बघ्यांकडून, तिथला पुरवठा तुटला की त्याला चव उरत नाही. हे वाचताना मला वाटलं, आपण इतकी वर्षं सोसणाऱ्या मुलालाच गृहपाठ देत होतो.

वर्गात मी द्यूतसभा घेतली. द्रौपदी, दुःशासन मुलांना माहीत होते. मी विचारलं, बाकी सभेत कोण कोण होतं? फळा भरला. भीष्म, द्रोण, कृप, विदुर, देशोदेशीचे राजे. विकर्ण कुणालाच आठवेना. दुर्योधनाचाच भाऊ, वयाने लहान, भर सभेत उठून हे चुकीचं चाललंय म्हणाला. सभेने त्याची वाहवाही केली. मग कर्णाने त्याला पोरकट ठरवलं आणि सभा पुन्हा गप्प झाली. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग बोलून काय उपयोग झाला बाई?" प्रश्न खरा होता आणि मी तो झटकला नाही. त्यावर वर्गच बोलू लागला. वाहवा करणाऱ्यांपैकी एक जरी दुसरा उठला असता तर, असं एका मुलीचं म्हणणं पडलं. मला या तासात शिकवायचं होतं ते तिने नेमकं पकडलं. पहिल्याला धाडस लागतं, दुसऱ्याला त्याहून कमी लागतं आणि चौथ्याला जवळजवळ लागतच नाही.

पण सगळी मुलं विकर्ण होणार नाहीत, आणि तशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. चौदाव्या वर्षी ग्रुपमधून बाहेर पडण्याची भीती मोठ्यांना वाटते त्याहून फार मोठी असते. म्हणून आता आम्ही 'गप्प बसणं' आणि 'भिडणं' यांच्या मधल्या गोष्टी शोधतो. हसायचा इमोजी न टाकणं. पुढे न पाठवणं, 'बघ किती वाईट आहे' म्हणूनसुद्धा नाही. ज्याच्यावर चाललंय त्याला वेगळा निरोप करणं, 'उद्या स्टँडवर थांब, बरोबर जाऊ' एवढाच. ग्रुपचा अॅडमिन मुलांपैकीच असतो आणि इतरांचे मेसेज तो सगळ्यांसाठी काढू शकतो, तर त्याला एकट्याला गाठून सांगणं. यातली सगळ्यात चांगली युक्ती माझी नाही. वर्गातल्या एका मुलीने, मला काही माहीत नसताना, त्याच ग्रुपवर भूमितीच्या प्रमेयांचे फोटो टाकायचा सपाटा लावला होता. स्टिकर आलं की पायथागोरस, स्टिकर आलं की समरूप त्रिकोण. "बाई, वैतागून सगळे झोपायला गेले," ती म्हणाली. तिने कुणाशी भांडण केलं नाही आणि त्या रात्रीपुरता तरी तमाशा बंद पाडला. हे मी आता दर वर्षी नवीन वर्गाला सांगते.

कलमांची भीती घालणंही मी सोडलं आहे. आपल्याकडे ऑनलाइन छळासाठी एक स्वतंत्र कायदा नाही. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली तेव्हा गाजलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दच केलं. खासगी अवयवांचे चोरून घेतलेले फोटो, अश्लील मजकूर, मुलांची लैंगिक चित्रं यांसाठी कलमं आहेत आणि ती कडक आहेत. पण नऊवारी नेसलेल्या मुलाचं स्टिकर त्यांत सरळ बसत नाही. 'पोलीस धरतील' ही धमकी पोकळ आहे हे चौदा वर्षांच्या मुलाला ताबडतोब कळतं, आणि मग पुढचं खरं सांगितलेलंही तो ऐकत नाही.

बंदीबद्दलही माझं मत पालटलं. सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांची खाती नकोत, असा ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बहुतेकांनी 'आपल्याकडेही हवं' म्हटलं. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्यात सगळ्यात पुढे असते. पण त्या बंदीत व्हॉट्सअॅप येत नाही. आमच्या वर्गात जे घडलं ते तो कायदा असतानाही तसंच घडलं असतं.

घरातली बंदी तर मला आता घातकच वाटते. त्या मुलाने आईला आधी का सांगितलं नाही? "फोन काढून घेतील म्हणून." वर्गाला विचारलं तर जवळजवळ सगळ्यांचं हेच उत्तर. सांगितलं की शिक्षा सांगणाऱ्याला, असा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का आहे, आणि तो आपणच बसवला आहे. त्यामुळे पालकसभेत मी हात जोडून एवढंच मागते: मूल असं काही घेऊन आलं तर पहिल्या दिवशी फोनला हात लावू नका आणि काही डिलीट करू नका. संतापून आई-बाप सगळं पुसून टाकतात आणि पुरावा जातो. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसू द्या, मग ब्लॉक करा. एक वडील म्हणाले, "मॅडम, मग पोरगं शेफारणार नाही का?" मी म्हटलं, दादा, तुमच्याकडे ते आलं हेच मोठं आहे, ते पुन्हा यायला हवं.

फोटोंचा प्रश्न शाळेतच सोडवावा लागला. आता कोणत्याही मुलाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्या मुलाला विचारतो. सहकाऱ्यांना सुरुवातीला हे फार वाटलं. शेकडो फोटो असतात, कुणाकुणाला विचारत बसायचं? पण मुलं उत्तर द्यायला वेळ लावत नाहीत. हा नको, तो चालेल, माझा एकटीचा नको. काही साफ नाही म्हणतात, आणि त्यांचा फोटो जात नाही. पालकांची सही आम्ही पूर्वीपासून घेत होतो. ज्याचा चेहरा आहे त्याला कधी विचारलं नव्हतं.

त्या दोघांचं काय केलं, असं मला नेहमी विचारतात. त्यांना वर्गासमोर उभं केलं नाही. त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी वेगळं बोललो. त्यातला एक पुढे त्या मुलाशी स्वतःहून बोलला, दुसरा अजून नजर चुकवतो. मुलगा शाळेत येतो. पुढच्या वर्षी त्याने नाच केला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

एका बाबतीत मात्र मी जुन्याच मतावर आहे. उघडा फोटो, तो मागणारं कुणी, तो पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो उकळणारं कुणी, असं काही असेल तर ते वर्गातल्या चर्चेने किंवा शाळेच्या चार भिंतींत मिटवायचं नाही. सोसणारं मूल अठराच्या आतलं असेल तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ते पोलिसांना कळवणं माझ्यावर आणि मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, शाळेचं नाव जाईल ही सबब तिथे चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर आणि केंद्र सरकारचं सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचं पोर्टल, दोन्ही वर्गाच्या दाराआड लिहून लावलं आहे. पोर्टलवर मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. आणि जो फोटो आपल्यापर्यंत आला तो पुढे पाठवणारं मूलही त्यात अडकतं, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला स्पष्ट शब्दांत सांगते.