पत्ते वाचता वाचता

‘आत्मविश्वास’ हा शब्द आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धेच्या आणि परीक्षेच्या दिवसांत फार ऐकू येतो. मला तो पत्त्यांनी शिकवला, असे म्हटले तर वाचक हसतील. पण गोष्ट खरी आहे. पत्ते म्हणजे आपले बावन्न पानांचे नव्हेत. टॅरोचे, ७८ चित्रांचे. त्यांत २२ पत्ते मोठ्या मानाचे आणि उरलेल्या ५६ मध्ये पेले, तलवारी, काठ्या, नाणी असे चार रंग.

मुळात हा पंधराव्या शतकातला इटलीतला खेळ. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. गंजिफा खेळच राहिला. टॅरो मात्र अठराव्या शतकात फ्रान्समध्ये भविष्य सांगू लागला. आणि भविष्य ऐकण्याची हौस कोणाला नाही? पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा, कुडमुडे वाजवीत दारी येणारा जोशी, पिंजऱ्यातून निघून चोचीने पाकीट ओढणारा पोपट – सारी त्याच हौशीची लेकरे!

बर्डीवर घेतलेला माझा जोड १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या जोडाची नक्कल आहे. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. पहिले दोन महिने मी अर्थ पाठ केले. समोर मैत्रीण बसली की सारे पाठांतर पळून जाई. मग पुस्तक मिटले आणि चित्राकडेच पाहू लागले. तेरावा पत्ता मृत्यूचा. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा बसला आहे. पण दूर, दोन मनोऱ्यांच्या मध्ये, सूर्यही आहे. जे दिसते ते सांगायचे आणि गप्प बसायचे. उरलेले समोरचे माणूसच सांगते! कुडमुड्या जोशाची नजरही आधी अंगणातल्या दोरीवर फिरते. वाळत घातलेल्या लंगोट्यांवरून त्याला घरातले तान्हे बाळ कळते.

मैत्रिणी म्हणू लागल्या, “अगं, अगदी बरोबर सांगितलंस!” माझा धीर वाढला. पण बरोबर म्हणजे काय? १९४८ साली फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. सर्वांना ते पटले. पाचपैकी सरासरी चारांहून अधिक गुण त्यांनी दिले. गंमत अशी, की सर्वांना दिलेला कागद एकच होता! आपल्याकडे २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुले कोणती आणि मतिमंद कोणती, हे कुंडल्यांवरून ओळखायचे होते. २७ ज्योतिषांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

हे वाचूनही मी पत्ते टाकले नाहीत. पत्त्यांच्या निमित्ताने माणसे बोलतात, हे का थोडे आहे?

मग एके संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या. छातीत गाठ लागत होती. घरात कोणाला सांगितले नव्हते. म्हणाल्या, “माय, पत्त्यात पाह्य ना, आपोआप जाईन का? मले मेडिकलात जायाचं भेव लागते. तू शिकली-सवरली पोरगी, तुले समजते.”

त्या शेवटच्या वाक्याने माझा हात थांबला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, सरकारी कागद, जे काही छापलेले असेल ते वस्तीतून माझ्याकडेच येते. मी वाचेन ते खरे! मावशींचा विश्वास पत्त्यांवर नव्हताच; तो माझ्या वाचता येण्यावर होता. चांगला पत्ता निघाला असता तर त्या निश्चिंत होऊन घरी बसल्या असत्या. वाईट निघाला असता तर भीतीने घरी बसल्या असत्या.

मी पत्ते पालथेच ठेवले. म्हटले, “मावशी, या पत्त्यांत गाठ दिसत नाही. ती डॉक्टरलाच दिसते. उद्या सकाळी मी येते तुमच्यासंगं.”

त्या थोड्या नाराज झाल्या. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेडिकलच्या रांगेत उभ्या होतो. चिठ्ठीवरचे नाव, वय, खोलीचा क्रमांक मी वाचून दाखवला. तपासण्या अजून सुरू आहेत. दर खेपेला मी बरोबर जाते.

मैत्रिणी आजही पत्ते काढायला येतात. प्रेम, परीक्षा, घरची भांडणे – यांवर मी खुशाल चित्रे उलगडते. कोणी आजाराचे विचारले, की पत्ते गोळा करते आणि चप्पल पायात घालते. “हे मला यातून वाचता येत नाही,” असे वाक्य चारचौघींत, आवाज न कापता म्हणता येणे, एवढाच आत्मविश्वास मी या ७८ पत्त्यांकडून कमावला.