खडू पिळून बघ

बिलोली,
ऑगस्ट महिना

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलचे ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ आणि ‘थिअरी ऑफ मशिन्स’ हे दोन्ही विषय यंदा तुझ्याच गळ्यात पडले म्हणायचे. नव्या माणसाच्या पुढ्यात अवघड विषय सरकवायची रीत कॉलेजांत जुनीच आहे. चालायचंच. पण पुढं तू लिहिलंस, ‘लेकरं हुशार आहेत मामा, गणितं भराभर सोडवतात, पण यंत्रासमोर उभं केलं की तोंडाला कुलूप. लातूर पॅटर्ननं वाट लावली.’ हे काही मला पटलं नाही.

त्या पॅटर्नला नावं ठेवायची फॅशन झालीय. लातूरच्या शाहू कॉलेजातून तो नावारूपाला आला तेव्हा त्यात जादूटोणा नव्हता. शिकवलं की चाचणी, चाचणी झाली की लगेच तपासणी, चुकलं तिथं पुन्हा प्रश्न. याच रेट्यानं आपल्याकडच्या कोरडवाहू घरातली पोरं मेडिकल-इंजिनिअरिंगला पोचली. आणि तीच पोरं तुमच्या कॉलेजात आली की काय होतं? चार-चार महिने कुणी विचारत नाही. दोन युनिट टेस्ट, त्यांचे पेपर हाती पडेस्तोवर सेमिस्टर उरकलेलं, मग शेवटच्या आठवड्यात ‘आयएमपी’ची झेरॉक्स. रोज तालीम करणाऱ्याला चार महिने खाटेवर झोपवलं तर तो कुस्तीत कसा टिकायचा? रोजच्या चाचणीची सवय लेकरांनी घरूनच आणलीय, ती मोडू नकोस. प्रश्न तेवढे बदल.

पहिला प्रयोग तर तुझ्या हातातच आहे. ‘खडू-फळा’ म्हणून हिणवतात ना, तोच खडू. प्रत्येकाला एकेक दे. दोन्ही हातांनी पिळला तर तुटलेला भाग कसा दिसेल, हे आधी वहीवर काढायला सांग. बहुतेक जण आडवा, सरळ काप काढतील. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडू दे, तेही खुशाल मराठीत. पेपर इंग्रजीत लिहायचाय म्हणून भांडणही इंग्रजीत करायला लावलं तर निम्मा वर्ग मुका होतो. त्यानंतर पिळायला सांग. खडू सुमारे पंचेचाळीस अंशांत, मळसूत्रासारखा फिरत तुटतो. आता फळ्याकडं वळ. शुद्ध पिळात सगळ्यात मोठा ताण त्या पंचेचाळीसच्या रेषेवर येतो, आणि खडू ताणात कच्चा. तिथून थेट लॅबमध्ये ने. बिडाचा तुकडा पिळला तर खडूसारखाच तुटेल. माइल्ड स्टीलचा मात्र कितीतरी वेढे खाऊन सरळ आडवा तुटेल, कारण तो कातरबळात हार मानतो. याच ताणांचं मोहरचं वर्तुळ यानंतर काढ. आधी काढलंस तर ते नुसतं वर्तुळच राहतं.

आधी अंदाज, मग वाद, मग प्रयोग. यात माझं स्वतःचं काही नाही. यातला अंदाज आणि वाद हार्वर्डच्या एरिक मझूरनं 1991पासून फिजिक्सच्या वर्गात चालवला. 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून पाहिले, तर नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के आणि पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गात 22 टक्के निघालं. तुमचे एचओडी ‘सिलॅबस कसा संपणार?’ म्हणतीलच. त्यांना हा आकडा दाखव. सिलॅबस मास्तरचा संपतो गं, पोरांचा बॅकलॉग संपत नाही.

यंत्रं मात्र पुस्तकातली घेऊ नकोस. फ्लायव्हील आलं की चार स्ट्रोकच्या इंजिनाचा टर्निंग मोमेंट डायग्राम काढायचा, पाठ करायचा, ओकायचा, हे किती वर्षं चालायचं? त्यापेक्षा कडबाकुट्टी घे. वर्गातल्या कितीतरी जणांच्या गोठ्यात ती असेल. समज, मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांची, तिच्यावर 3 इंची पुली, कुट्टीच्या चाकावर 12 इंची. पट्टा घसरत नाही असं धरलं तर चाकाचे 360 फेरे. पाती दोन, म्हणजे मिनिटाला 720 काप, सेकंदाला 12. तुकडा दोन सेंटिमीटरचा हवा असेल तर रोलरनं कडबा सेकंदाला 24 सेंटिमीटर आत ओढला पाहिजे. आता रोलरचा व्यास मोजा आणि गिअरचं गुणोत्तर काढा. पातं सरळ न ठेवता वक्र का केलं? एका टोकाकडून कापत जावं, सगळा भार एकदम येऊ नये म्हणून. मग चाक इतकं जड कशाला? मोटर सारखं देत राहते, काप मात्र झटक्याझटक्यानं मागतो. मधला हिशोब चाक सांभाळतं. एवढं झालं की डायग्राम लेकरं स्वतः काढतात. आणि कुट्टीत हात गेलेला माणूस प्रत्येकाच्या गावात असतोच, तेव्हा गार्डचं डिझाइनही सांगावं लागत नाही, तेच विचारतात.

वर्कशॉपबद्दल काय लिहू? फिटिंगचा जॉब बाजारातून तयार आणायचा, त्यावर रोल नंबर ठोकायचा, हे मी ज्या कॉलेजात होतो तिथं उघड चालायचं. मी शेवटी मापच प्रत्येकाला वेगळं दिलं, रोल नंबरवरून. तयार माल बंद झाला. पोरं चिडली, पण कानस चालवू लागली.

सीओ-पीओच्या, म्हणजे कोर्स आउटकम-प्रोग्राम आउटकमच्या, तक्त्यांवर तू चिडलीयस, ते समजतं. इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी मान्य करायच्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014मध्ये कायम सदस्य झाला, त्याच खटपटीत एनबीएचा, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनचा, हा कागद दारी आला. कल्पना चांगलीच आहे: मास्तरनं काय शिकवलं ते सोड, पोराला काय करता येतं ते सांग. आपण मात्र आधी मार्क बघतो आणि त्यावरून तक्ता रंगवतो. तू खडूच्या तासाचे अंदाजाचे कागद जपून ठेव. आधीचं उत्तर आणि नंतरचं उत्तर, दोन्ही. कमिटी आली की तेच पुढं कर.

आता मुद्द्याचं. आपल्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सुप्रीम कोर्टाच्या 2013च्या निकालाप्रमाणं त्याचे 14 दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर वर उचललेले असतात आणि मग खाली सोडतात. त्या पाण्यावरून दोन राज्यं भांडली, पण इंजिनिअरिंगच्या पोरांना कुणी तिथं नेल्याचं मी पाहिलं नाही. तू आण. प्रश्न एकच दे: पाण्याचा दाब दरवाजाला खाचेवर रेटत असताना तो नुसत्या स्वतःच्या वजनानं खाली उतरायचा असेल, तर वजन किमान किती हवं? त्यात द्रवदाब आला, रोलरचं घर्षण आलं, वायररोप आला, ड्रम आणि गिअरबॉक्स आले. दोन्ही विषयांचं निम्मं सेमिस्टर त्या एका दरवाजाला लटकलेलं आहे. मापं पोरांनीच तिथल्या माणसांना विचारून काढावीत. विचारायला शिकणं हाही प्रॅक्टिकलचाच भाग धर.

29 ऑक्टोबरच्या आसपास जमतंय का बघ. दिवाळीची सुट्टी कधी लागते ते आधी विचार, आणि जलसंपदा विभागाला परवानगीचं पत्र प्राचार्यांच्या सहीनं सप्टेंबरातच दे, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतील. देगलूरवरून आलात तर बिलोली वाटेतच आहे. जेवण आपल्याकडं. भाकरी, पिठलं, ठेचा. किती जण येणार तो आकडा मात्र पक्का कळव, नाहीतर मामीची बोलणी मला खावी लागतील.

तुझा,
मामा