जागा होती, आकडे संपले

संसारात जागा पुरेनाशी झाली की आपण सरळ म्हणतो, घर लहान. पण कधीकधी घर पुरेसं असतं, आखणीच तोकडी असते. घरात कॉम्प्युटर नवे होते त्या काळात हे मला फार जवळून बघायला मिळालं.

१९८८ साली ह्यांनी दुकानदारांचे हिशेब लिहून देण्याचं काम घरी सुरू केलं आणि कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. त्यात माझ्या भिशीचेही पैसे होते. हार्ड डिस्क ४० मेगाबाइटची म्हणून दिलेली. पडद्यावर मात्र ३२च दिसे! "मापात मारलं मेल्यानं," सासूबाई म्हणाल्या. यंत्र परत करायच्या गोष्टी निघाल्या. माझा जीव टांगणीला. शेवटी दुपारची कामं आटोपून यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मीच घेऊन बसले.

त्यातून उमगलं ते असं. डिस्कवर ५१२ बाइटचे कप्पे असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. त्या वेळच्या डॉसमध्ये हा नंबर लिहायला सोळाच घरं होती, प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यात ६५,५३६ नंबर बसतात, म्हणजे बरोबर ३२ मेगाबाइट. समजा, फडताळात दीडशे डबे मावतात; पण वहीत नंबराला दोनच घरं आखलीत. मग ९९च्या पुढचे डबे असून नसल्यासारखेच, नाही का?

आखणाऱ्यांना तरी काय बोल लावायचा? १९८३ साली आयबीएमचा एक्सटी आला तेव्हा त्याची डिस्कच १० मेगाबाइटची होती. तिथे ३२ म्हणजे चंगळच!

उपायही निघाला. १९८७च्या डॉस ३.३मध्ये एका डिस्कचे अनेक भाग पाडता येत. आम्हीही 'सी' आणि 'डी' असे दोन भाग केले. उरलेले आठ मेगाबाइट सापडले, यंत्र घरात राहिलं आणि गिऱ्हाइकांचे हिशेब मीही भरू लागले.

पुढे डॉस ४मध्ये ही अट सुटली, पण नव्या आल्या. कधी ५०४ मेगाबाइट, कधी २ गिगाबाइट. दर वेळी कुणीतरी "एवढं रग्गड झालं" म्हणून घरं आखली आणि डिस्क त्यापुढे वाढली.

आजही लग्नाची व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नाही, जागा तर भरपूर दिसते, असं होतं. पुष्कळ पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने आखलेले असतात आणि त्यात ४ गिगाबाइटची एक फाइल बसत नाही. 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट केला की काम होतं. मात्र फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी फोटो दुसरीकडे काढून ठेवा हं!

आणि मैत्रिणींनो, यंत्राचं पुस्तक बायकांना झेपायचं नाही, असं कुणी म्हणालं, तर हसून ते पुस्तक मागून घ्या.