हलायचे कोणी?

दर वर्षी १४ एप्रिल जवळ आला की आमच्या विहारातल्या रविवारच्या मुलांच्या वर्गात एकच चर्चा सुरू होते : यंदा प्रदर्शनात काय ठेवायचे? हा वर्ग आम्ही तिघी मैत्रिणी चालवतो. चित्रे झाली, रांगोळ्या झाल्या, थर्माकोलचा स्तूप तर तीनदा झाला. या खेपेस मुलांनी हट्ट धरला, “ताई, हलणारं काहीतरी करू या.” गणपतीत मंडळांचे हलते देखावे ती पाहून येतात. आम्ही नको म्हटले तरी पाहतात. आणि खरे सांगायचे तर लहानपणी आम्हीही त्या रांगेत उभ्या राहिलो होतोच. आम्ही हो म्हटले, पण एक अट घातली. मोटार नाही, वीज नाही. पुठ्ठा, कागद, खळ आणि हाताने फिरवायचे हँडल. ज्याला पाहायचे असेल त्याने स्वतः फिरवावे.

साहित्याची अडचण नव्हती. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, बुटांचे खोके, मोडक्या छत्रीच्या काड्या, संपलेल्या पेनांच्या रिफिली. अडले ते विषयावर. त्यात तीन रविवार गेले.

पहिली सूचना धम्मचक्राची. आठ आऱ्यांचे चाक, मधून काडी, फिरवले की फिरते. तासाभरात झाले असते. पण जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर ते दिवे लावून फिरतच असते, त्यात मुलांनी काय केले? मग एकाने तथागतांची मूर्ती सुचवली, अभयमुद्रेतला हात वर-खाली होणारी. कागदाचा हात कापून हलवून पाहिला तर रस्त्यावरच्या वाहतूक पोलिसाची आठवण झाली. मुले हसली आणि लगेच ओशाळली. ज्या मूर्तीपुढे आपण शांत बसायला शिकतो ती हलवायची कशाला, असे एक मुलगीच म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

तिसरी सूचना बाबासाहेबांच्या उंचावलेल्या बोटाची. दोरी ओढली की बोट वर, सोडली की खाली. यावर मात्र आम्हा तिघींतच जुंपली. एकीला त्यात काही गैर वाटेना; मुले प्रेमाने करताहेत, करू दे. दुसरी म्हणाली, “बाबासाहेबांना दोरी बांधायची? आणि ती कोणाच्या हातात द्यायची?” त्यांचे नाव घेऊन आपल्याला सोयीचे तेवढेच त्यांच्याकडून वदवून घेणारे कमी आहेत का, हा तिचा प्रश्न. वाद बराच वाढला, चहा थंड झाला. पण त्या वादातूनच विषय निवडायची कसोटी हाती आली. बाबासाहेब हलणार नाहीत. ते उभे असतील आणि हलतील ती माणसे.

या कसोटीला दोनच विषय उतरले. एक नागपूरचा, १४ ऑक्टोबर १९५६ चा. धम्म स्वीकारू इच्छिणाऱ्यांनी उभे राहावे असे बाबासाहेबांनी सांगताच तो अफाट समुदाय उभा राहिला. पण बुटाच्या खोक्यावर वीस-पंचवीस डोकी मावतात. त्याला लाखोंचा जनसागर म्हणायचे धाडस आम्हाला झाले नाही. दुसरा महाडचा.

महाडचा इतिहास मुलांना पाठ होता, पण भाषणात पाठ असतो तसा. म्हणून आधी तो नीट उलगडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. दोन ठराव झाले, आणि तळ्याला हात लावायची सोय तरीही नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परिषदेतले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी प्रथम ओंजळभर पाणी प्यायले आणि मागोमाग बाकीचे प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

“ताई, लाठ्या दाखवू या,” एक मुलगा म्हणाला. त्याचे चुकत नव्हते. यंत्राच्या दृष्टीने लाठी सर्वांत सोपी. एक चकती, एक काडी, आणि लाठी पडते-उठते, पडते-उठते. बघणाऱ्याला मजाही येते. तीच तर भीती होती. आमच्या माणसांना मारण्याचे हँडल आम्हीच बनवून प्रदर्शनात येणाऱ्या लहान मुलांच्या हाती द्यायचे? मारहाण बाजूच्या तक्त्यावर लिहावी आणि खोक्यावर फक्त पाणी प्यावे, असे ठरले.

रचना अशी केली. खोक्यात आडवी काडी, तिच्यावर पुठ्ठ्याच्या चार गोल चकत्या. चकतीचे भोक मध्यावर न पाडता अर्धा सेंटीमीटर बाजूला पाडले की ती फिरताना वर टेकलेली उभी काडी एक सेंटीमीटर वर जाते आणि खाली येते. उभी काडी डगमगू नये म्हणून ती रिफिलीच्या तुकड्यातून ओवली. कागद हलका, त्यामुळे वर गेलेली काडी वरच राही. तेव्हा प्रत्येक काडीला एक रुपयाचे नाणे चिकटवले. वर तळ्याच्या पायऱ्या, आणि कमरेत सांधलेली चार माणसे. काडी वर गेली की माणूस पाण्याकडे वाकतो.

पहिल्यांदा चारही चकत्यांची भोके एका रेषेत बसली आणि चारही माणसे एकदम वाकली, शाळेतली कवायत जणू. मग प्रत्येक चकती पाव फेऱ्याने पुढे सरकवली. माणसे एकामागून एक वाकू लागली. आम्ही खुशीत होतो.

विहारात झाडलोट करायला रोज सकाळी येणाऱ्या एक आजी आहेत. ऐंशी ओलांडलेल्या, मूळच्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या. त्यांनी हँडल फिरवले, थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “ही पाणी पितायत, का पाया पडतायत?”

पुन्हा पाहिले तर खरेच होते. बाबासाहेब ताठ उभे आणि चार माणसे त्यांच्यापुढे कमरेत वाकताहेत! आजी खाली बसल्या. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीपाशी त्या आणि त्यांची आई मडके ठेवून लांब उभ्या राहत. कोणी बाई दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. कधी सकाळची दुपार होई. “वाकून तर आम्ही रोज पीत होतो की,” त्या म्हणाल्या. “वरून ओतायची ती, आन आम्ही खाली वाकून ओंजळ धरायची.”

त्या रात्री आम्ही चारही माणसे उखडली. कमरेचा सांधा काढून पाठ ताठ चिकटवली आणि नवा सांधा कोपरात दिला. आता काडी वर गेली की ओंजळ तोंडाशी जाते. पाठ वाकत नाही. बाबासाहेबांच्या हाताला सांधाच नाही, त्यांची ओंजळ आधीच ओठांशी आहे. म्हणजे ते प्रथम प्यायले हा इतिहासही चुकला नाही. चारांत दोन बायका असाव्यात हा मुलींचा आग्रह होता, तोही पाळला. शेवटच्या आकृतीला आजींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आहे.

१४ तारखेला हँडलपाशी दिवसभर गर्दी होती. पुष्कळ मुले ते उलटे फिरवत. मग रांगेतली शेवटची बाई आधी पाणी पिई. उलटे फिरू नये म्हणून खिळा मारायचा का, असे आम्ही आजींना विचारले. “राहू दे,” म्हणाल्या.

प्रतिकृती सध्या विहाराच्या कपाटावर आहे. तिसऱ्या काडीचा रुपया कोणीतरी काढून नेला, त्यामुळे त्या माणसाची ओंजळ तोंडाशीच अडकून राहते. येत्या रविवारी नवा लावायचा आहे.